सहाशे चाळीस जोडी पाय

बूटमास्तरांच्या दुकानातला कॉम्प्युटर अकरा वर्षांचा होता. रोज सकाळी चालू केला की तो आधी एक निरोप दाखवायचा: ही सिस्टिम जुनी झाली आहे, लवकरच तिची काळजी घेणारं कुणी उरणार नाही, तरी नवी टाकून घ्यावी. खाली दोन बटणं असत, 'आत्ता' आणि 'नंतर'. काकूंनी सात महिने इमानेइतबारे 'नंतर' दाबलं. मग एका मंगळवारी निरोप आला तो एकाच बटणासकट.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. मास्तर मापाचे बूट आणि चपला करायचे, आणि कातडं, सुई, लाकडी साचे यांपलीकडच्या जगाशी जो काही व्यवहार करावा लागे तो काकू करायच्या. कॉम्प्युटर त्यांचा. मास्तर त्याच्या जवळून जातानाही अंग चोरून जात.

त्या कॉम्प्युटरात सहाशे चाळीस माणसांचे पाय होते. प्रत्येकाची एक रांग: डाव्या पायाची लांबी, उजव्याची लांबी, चवड्याची रुंदी, टाच, घोटा. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, त्याचं नाव 'शेरा'.

या शेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मास्तर गिऱ्हाइकासमोर फारसं बोलत नसत. गिऱ्हाईक खुर्चीवर बसे, मास्तर खाली पाटावर बसून त्याचं पाऊल हातात घेत, फिरवून बघत आणि "बरं" म्हणत. चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून "बरं" शिवाय दुसरा शब्द ऐकलेला माणूस विरळा. पण गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की मास्तरांच्या जिभेला पाय फुटत. ते सांगत आणि काकू जसंच्या तसं टाइप करत. पुढच्या जोडाच्या वेळी उपयोग होतो, हे खरंच होतं.

तर काकूंनी कॉम्प्युटरवाल्या बाईंना बोलावलं. या बाई चाळिशीच्या, आखूड केसांच्या, आणि बोलताना समोरच्याला घाई करू न देणाऱ्या होत्या. त्यांनी मशीनचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, खोकल्या आणि म्हणाल्या, "नवी सिस्टिम झेपेल याला. पण आधी सांगा, यातलं काय गेलं तर तुम्ही रडाल?"

"पाय," काकू म्हणाल्या.

बाईंनी फाइल उघडून घेतली. वाचली मात्र नाही, हे त्यांच्याबद्दल आवर्जून सांगण्यासारखं. "मग तीन प्रती लागतील. एक इथं आहेच. दुसरी वेगळ्या डिस्कवर. तिसरी या घराच्या बाहेर, म्हणजे इथं काहीही झालं तरी ती शाबूत. आणि प्रत केली म्हणजे झालं असं नाही. उघडून बघायची. किती रांगा आहेत?"

"सहाशे चाळीस."

"लिहून ठेवा. नंतर मोजायला."

काकूंनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर ६४० लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. दुसरी प्रत बाईंनी आणलेल्या छोट्या डिस्कवर गेली. ती उघडून बघितली, रांगा मोजल्या, बरोबर भरल्या. काकूंनी डिस्क मऊ फडक्यात गुंडाळली आणि मागच्या फळीवर एका नऊ नंबरच्या खोक्यात ठेवली, म्हणजे कुणाचा हात लागणार नाही.

तिसरी प्रत अक्कांकडे पाठवायचं ठरलं. अक्का या मास्तरांच्या थोरल्या बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. त्यांच्याकडे चांगला कॉम्प्युटर होता आणि त्या काहीही टाकून देत नसत. काकूंनी फाइल ईमेलला जोडली, विषयात 'जपून ठेवणे' असं लिहिलं आणि पत्त्याच्या जागी 'अ' टाइप केला. मशीनने आपणहून खाली नाव सुचवलं. काकूंचा चष्मा तेव्हा पुठ्ठ्याजवळ पडला होता. 'अक्' की 'अख्', एवढ्याशा फरकासाठी तो उचलावा असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी सुचवलेलं नाव मान्य केलं आणि ईमेल पाठवून दिली.

ते नाव 'अख्खी गिऱ्हाइकं' असं होतं. दुकान बंद असेल त्या दिवशी सगळ्यांना कळवायला काकूंनीच तो गट केला होता, आणि ईमेल असलेली तीनशे बारा माणसं त्यात होती.

"आता तपासा," बाई म्हणाल्या.

काकूंनी अक्कांना फोन लावला. "अक्का, फाइल आली का हो?"

"आली," अक्का म्हणाल्या. अक्काही मास्तरांकडूनच चपला करून घेत, त्यामुळे त्याही त्या गटात होत्या.

"उघडते का?"

"उघडते आहे. थांब." बराच वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू आला. मग अक्का थंडपणे वाचू लागल्या, "'नंबर सहा सांगते. आहे साडेसात. वाद घालू नये, साडेसातच्या जोडाला सहाचं लेबल लावावं.' हे कोणाबद्दल आहे गं?"

"ते... जुनं आहे अक्का."

"खाली तारीख गेल्या महिन्याची आहे," असं म्हणून अक्कांनी फोन ठेवला.

"आली आणि उघडते," काकूंनी बाईंना सांगितलं. बाईंनी मान डोलावली, मशीनला बॅटरीचा डबा जोडला, म्हणजे मधेच वीज गेली तरी काम अडणार नाही, आणि 'आत्ता' हे बटण दाबलं. पडदा निळा झाला. 'नवी सिस्टिम टाकली जात आहे. कृपया संगणक बंद करू नका. १ टक्का.' तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते.

सगळ्यात आधी शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. मधल्या सुट्टीत आल्या होत्या. येताना त्यांच्या टाचांचा आवाज कोपऱ्यापासून ऐकू येई, तसाच आजही आला. त्या काउंटरसमोर उभ्या राहिल्या आणि फोन समोर धरून म्हणाल्या, "'चालताना टाच आपटते. हिचा सगळा राग टाचेत आहे. दुहेरी थर द्यावा.' हे काय आहे?"

काकूंना आधी वाटलं, अक्कांनी त्यांना दाखवलं. पण अक्कांची आणि मुख्याध्यापिकांची ओळखही नव्हती. त्यांनी फोन हातात घेतला, ईमेल वर सरकवली आणि कुणाकुणाला गेली आहे ते वाचलं. मग त्यांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होतं ते काकूंना त्या क्षणी कळलं. त्यांनी काउंटरला घट्ट धरून ठेवलं.

"आता ती परत घेता येईल का हो?" त्यांनी कॉम्प्युटरवाल्या बाईंना हळूच विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि आपला कॉम्प्युटर तर अजून अठरा टक्क्यांवर आहे."

तोवर दारात बेकरीवाला उभा होता, पिठाच्या हातांनी. त्याच्या रांगेत एवढंच लिहिलेलं होतं: 'खिडकी उघडावी.' त्याला त्याचा अर्थ विचारायचा होता. काकूंनी मागे वळून पाहिलं. मास्तरांनी मागच्या दाराने काढता पाय घेण्याची तयारी केली होती. हातात टोपीसुद्धा होती.

"अहो, कुठे निघालात?"

"दोरा आणतो."

"दोरा आहे. बसा."

मास्तर बसले. बेकरीवाल्याने आपला प्रश्न त्यांना विचारला. मास्तरांनी त्याच्या मोज्यांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

पाऊण तासात दुकानात तेरा माणसं झाली. दुकान असं, की चार माणसं आली की पाचव्याने पायरीवर थांबावं. नृत्यवर्गाच्या बाई आल्या, त्यांच्याबद्दल 'तळवे पार सपाट, जन्मात कुणाला सांगू नये' असं लिहिलेलं होतं आणि ते तीनशे बारा जणांना सांगून झालं होतं. विम्याचे एजंट आले. त्यांचा शेरा असा: 'आतून दोन सेंटीमीटर उंची वाढवून हवी. बायकोला कळू नये.' त्यांच्या मागोमाग त्यांची बायको आली. तिचा शेरा असा: 'टाच दरवेळी थोडी कमी करून हवी. नवऱ्याला कळू नये.' दोघं दुकानाच्या दोन कोपऱ्यांत उभी राहून आपापल्या फोनमध्ये एकमेकांची रांग वाचत होती. मग नवऱ्याने मान वर केली आणि बायकोच्या पायांकडे पाहिलं. तिनेही त्याच्या पायांकडे पाहिलं.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"सहा," ती म्हणाली. "तुम्ही?"

"पाच."

"म्हणजे मी उगाचच..." ती म्हणाली, आणि हसू दाबायला तिने भिंतीकडे तोंड केलं.

शेवटी निवृत्त न्यायाधीश आले. ते शिस्तीचे गृहस्थ. सगळ्यांनी आपसूक वाट दिली. त्यांनी काखेतून एक फाइल काढली, तिच्यातून छापील कागद काढला आणि संथ आवाजात वाचला: "'उजव्या अंगठ्याला गुदगुल्या होतात. माप घेताना हसू आवरत नाही. अशा वेळी त्यांच्या तोंडाकडे पाहू नये.'" कागदाची घडी घालून ते मास्तरांना म्हणाले, "म्हणजे तुम्ही अकरा वर्षं मुद्दाम खाली बघत होता."

"हो," मास्तर म्हणाले. गिऱ्हाइकाशी बोललेला तो त्यांचा त्या दिवसातला पहिला नवा शब्द होता.

"मला वाटायचं तुमच्या लक्षात आलं नाही."

"यायचं की. खुर्ची हलायची."

दुकानात कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं, बसायला जागा बघत. त्या पावलाखाली बॅटरीच्या डब्यापासून कॉम्प्युटरकडे जाणारी वायर होती. बाईंनी वीज जाण्याची सोय केली होती, पाय येण्याची केली नव्हती. वायर सुटली. निळा पडदा काळा झाला. तेव्हा एकसष्ट टक्के झाले होते.

बाईंनी वाकून वायर जोडली आणि मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटलं: 'सुरू करण्यासारखं काहीही सापडलं नाही.'

"याचा अर्थ?" काकूंनी विचारलं.

"अर्थ असा की आता सिस्टिम पहिल्यापासून टाकायची. दोनेक तासांचं काम आहे. आतलं सगळं, पाठवलेल्या ईमेलसकट, पुसलं जाईल, पण त्याचं काही नाही, आपल्याकडे प्रती आहेत. डिस्क आणा."

काकू मागच्या फळीपाशी गेल्या. नऊ नंबरची दोन खोकी होती त्या जागी एकच होतं. त्यांनी ते उघडलं. आत तपकिरी बूट होते, नवे, चकचकीत.

"अहो, इथलं दुसरं खोकं?"

मास्तर म्हणाले, "ते त्या जहाजावरच्या आचाऱ्याला दिलं. तू फोनवर होतीस तेव्हा आला होता. त्याचे बूट तयार होते ना, नऊ नंबर."

"बूट इथंच आहेत."

मास्तरांनी बुटांकडे पाहिलं. "म्हणून हलकं लागलं होय," ते म्हणाले.

आचाऱ्याला फोन लावला तर लागेना. जहाज बाराला सुटत असे, आणि त्याने खोकं उघडलं असेल तर ते पाण्यावर. परत यायला चार महिने. काकूंनी मग अक्कांना फोन केला. अक्कांनी पहिल्या घंटेला उचलला, जणू वाटच बघत होत्या.

"अक्का, ती फाइल तेवढी परत पाठवता का?"

"पुसून टाकली," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला बदनामी जपून ठेवायची असेल तर तुमच्या घरात ठेवा." आयुष्यात काहीही टाकून न दिलेल्या अक्कांनी टाकलेली ही पहिली वस्तू होती.

काकू पडद्यामागे गेल्या आणि लाकडी साच्यांच्या ढिगाशेजारी खाली बसल्या. त्यांना रडू येत होतं, पण त्याहून जास्त कंटाळा येत होता. सहाशे चाळीस माणसांना पुन्हा बोलावायचं, पुन्हा मापं घ्यायची, आणि यातली किती येतील कोण जाणे. बाई आत आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"काकू, तिसरी प्रत घराबाहेर हवी असं मी म्हणाले होते ना?"

"हो."

"घराबाहेर तीनशे बारा आहेत."

काकूंनी पदराने नाक पुसलं, उठल्या आणि बाहेर येऊन काउंटरमागे उभ्या राहिल्या. "मंडळी," त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. माफी मागते, एकेकाची वेगळी मागायची असेल तर तीही मागते. पण आत्ता एक मदत हवी. ती फाइल कुणाकडे आहे का?"

सगळे छताकडे बघू लागले.

"मी फक्त माझी रांग वाचली आणि पुसून टाकली," नृत्यवर्गाच्या बाई म्हणाल्या.

"मीही," बेकरीवाला म्हणाला.

"दुसऱ्यांचं कोण कशाला वाचेल," विमा एजंट म्हणाले, आणि मुख्याध्यापिकांच्या टाचांकडे त्यांची नजर गेली ती त्यांनी चटकन उचलली.

शेवटी न्यायाधीश खाकरले. "माझ्याकडे आहे. मी ती पूर्ण वाचली. छापलीही. दोन प्रती." थोडं थांबून ते म्हणाले, "एक जिल्द बांधायला टाकली आहे."

मग दुकानात हळूहळू सगळे फोन खिशांबाहेर आले. तेरा माणसांकडे मिळून चौदा फाइली निघाल्या. बेकरीवाल्याने तर त्याच्या भावालाही पाठवली होती, भाऊ गिऱ्हाईक नसताना.

बाईंनी सिस्टिम पहिल्यापासून टाकायला घेतली. या वेळी वायरीभोवती चार खुर्च्या उलट्या करून ठेवल्या आणि पाचवीवर मुख्याध्यापिका बसल्या, कारण त्यांच्या टप्प्यात कुणी पाऊल टाकणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. शाळेची घंटा झाली तेव्हा त्यांनी फोन करून पुढचा तास दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगितलं. बेकरीवाला दुकानात जाऊन पाव घेऊन आला. येताना मोजे बदलून आला होता, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

पावणेतीनला नवी सिस्टिम उभी राहिली. विमा एजंटच्या बायकोच्या फोनमधून फाइल आली. बाईंनी ती उघडली, शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या आणि काकूंनी पुठ्ठा समोर धरला. सहाशे चाळीस. मग बाईंनी मधलीच पाच-सहा नावं काढून मापं छापील कागदाशी ताडून पाहिली. न्यायाधीश आकडे वाचत होते, बाई "बरोबर" म्हणत होत्या.

"आता तो शेऱ्याचा रकाना मी काढून टाकते," काकू म्हणाल्या. "सगळ्यांसमोर काढते."

त्यावर जे झालं ते काकूंना अपेक्षित नव्हतं. कुणी हो म्हणेना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "राग टाचेत आहे ते राहू दे. फक्त दुहेरी थर नको. दोन वर्षांनी निवृत्त होतेय, एकेरी पुरेल." नृत्यवर्गाच्या बाईंना 'सपाट' च्या जागी 'थोडे सपाट' हवं होतं. मास्तरांनी त्यांना पाय पुन्हा दाखवायला सांगितलं, पाहिला आणि मान हलवली. 'पार सपाट' राहिलं. विमा एजंटने बायकोकडे बघून विचारलं, आतली उंची काढून टाकू का. ती म्हणाली, "असू दे, सवय झालीय. माझी टाच तेवढी पुन्हा वाढवा." काकूंनी दोन्ही टिपून घेतलं. बेकरीवाल्याला खिडकीची ओळ नको होती. ती काढली.

चार वाजेपर्यंत दुकान रिकामं झालं. पुढच्या आठवड्याभरात आणखी माणसं येत राहिली. काही चिडलेली होती, एकाने आपली रांगच काढून टाकायला लावली आणि तो पुन्हा आला नाही. काकूंनी तीनशे बारा जणांना माफीचं पत्र पाठवलं, चष्मा लावून. अक्का पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मग एक दिवस आपण होऊन आल्या, खुर्चीवर बसल्या, पाय पुढे केला आणि म्हणाल्या, "साडेसातच कर. पण लेबल लावू नकोस." आचाऱ्याचा निरोप आला की बूट मिळाले नाहीत, पण त्याच्या खोक्यात मिळालेल्या वस्तूवर गरम भांडं छान ठेवता येतं.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलंय. बाई सामान आवरून निघाल्या तेव्हा मास्तरांनी पाट पुढे सरकवला आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. पैसे बाईंनी घेतले होते, हे त्याहून वेगळं होतं. बाई बसल्या. मास्तरांनी त्यांचं डावं पाऊल हातात घेतलं, फिरवलं, मग उजवं. काकूंनी नव्या सिस्टिमवर सहाशे एक्केचाळिसावी रांग उघडली आणि मापं लिहून घेतली. शेऱ्याशी येऊन त्या थांबल्या. सवयीने त्या बाई जायची वाट बघत होत्या. बाईही जाईनात.

"इथंच सांगा," बाई म्हणाल्या. "नाहीतरी मला कळणारच आहे."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, पण काकू पडद्याकडे बघत बोटं तयार ठेवून बसल्या होत्या.

"पाय चांगले आहेत," मास्तर म्हणाले.

काकूंनी टाइप केलं नाही.

मास्तरांनी पाऊल पुन्हा एकदा वळवून पाहिलं. "उजव्या पायावर जोर देऊन उभ्या राहतात," ते हळूहळू म्हणाले, "डावा आपला नुसता सोबतीला. टेबलाखाली गुडघ्यांवर फार बसणं होतं, त्यामुळे बुटांची टोकं घासतात. पुढून जाड कातडं द्यावं." ते जरा थांबले. "आणि बोटं पाखराच्या पंजासारखी आहेत. पण बाई हुशार आहे."

काकूंनी जसंच्या तसं लिहिलं आणि फाइल जतन केली. बाईंनी आपल्या पायाची बोटं हलवून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाल्या, "आहेत खरी."